हरणाऱ्यांच्या जिवावर

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्ट्याला देशभर वाट मोकळी करून दिली, त्या निकालाला आज, १४ मे रोजी, आठ वर्षे पूर्ण होत आहेत. खटला लढवला होता न्यू जर्सी राज्याने. नेवाडा आणि आणखी दोन-तीन राज्ये वगळता कोणत्याही राज्याला असा सट्टा चालवू देण्यास १९९२च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली होती. अटलांटिक सिटीतल्या कॅसिनोंची रया जाऊ लागल्यावर न्यू जर्सीला ही मनाई जाचू लागली. २०११ साली तिथल्या मतदारांनी सट्ट्याच्या बाजूने कौल दिला आणि पुढची सहा-सात वर्षे राज्य सरकार कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. योगायोग असा की, येत्या ११ जूनला सुरू होणाऱ्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना १९ जुलैला याच न्यू जर्सीत व्हायचा आहे. ४८ संघ आणि १०४ सामने. अमेरिकेच्या बहुसंख्य राज्यांत या सामन्यांच्या निकालावरच नव्हे, तर पहिला गोल कोण करणार आणि मध्यंतरापर्यंत किती होणार यावरही हातातल्या फोनवरून पैसे लावता येतील, तेही कायद्याच्या पूर्ण संरक्षणात. एरवी ज्यासाठी लास वेगासचे विमान पकडावे लागे ते आता पलंगावर पडल्या पडल्या होते. या आठ वर्षांचा जमाखर्च मांडायला हवा. तो आपणही वाचायला हवा, कारण आपण गेल्या ऑगस्टमध्ये नेमका उलटा कायदा केला आहे.

न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांच्या त्या निकालपत्रात सट्टा चांगला की वाईट याचा निवाडा नव्हता. मुद्दा केंद्र आणि राज्ये यांच्या अधिकारांचा होता. अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, हवे तर सट्ट्याचे नियमन स्वतः करावे, पण राज्यांनी कोणता कायदा करू नये असा हुकूम ती राज्यांच्या विधिमंडळांना सोडू शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे चेंडू काँग्रेसकडे टोलवला होता. काँग्रेसने तो आजतागायत उचललेला नाही. राज्यांनी मात्र क्षणाचाही विलंब लावला नाही. निकालाला महिना होतो न होतो तोच न्यू जर्सीचे तत्कालीन गव्हर्नर फिल मर्फी यांनी मॉनमथ पार्कच्या रेसकोर्सवर पहिली कायदेशीर पैज लावून फोटो काढून घेतला. आज ३९ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन येथे हा सट्टा कायदेशीर आहे आणि त्यांपैकी सुमारे तीस ठिकाणी तो फोनवरून खेळता येतो. टेक्सास आणि कॅलिफोर्निया ही दोन बडी राज्ये अजून बाहेर आहेत. कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे २०२२ साली दोन प्रस्ताव आले होते आणि त्यांनी दोन्ही धुडकावले.

निकालाच्या आदल्या वर्षी नेवाडात खेळांवर जेमतेम पाच अब्ज डॉलर लागले होते. २०२४ साली देशभरात सुमारे १५० अब्ज डॉलर लागले आणि त्यातले १३.७ अब्ज डॉलर कंपन्यांच्या गल्ल्यात राहिले. या दुसऱ्या आकड्याला उद्योगजगत ‘महसूल’ म्हणते. साध्या भाषेत तो लोकांनी गमावलेला पैसा आहे, कारण या धंद्यात कारखाना नाही आणि मालही तयार होत नाही. गिऱ्हाईक जेवढे हरेल तेवढीच कमाई. हे वाक्य लक्षात ठेवले की पुढचे सारे आपोआप उलगडते.

वाढीचे मूळ कायद्यात कमी आणि फोनमध्ये जास्त आहे. न्यू जर्सीत लागणाऱ्या पैशांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पैसा आज फोन-संगणकावरून लागतो. या बाजारात आघाडीवर असलेल्या फॅनड्युएल आणि ड्राफ्टकिंग्ज या दोन्ही कंपन्या ‘फँटसी’ खेळातून वर आल्या. खेळाडू निवडा, आपला संघ बनवा, गुण मिळवा, हा त्यांचा मूळ धंदा. २०१८ साली दार उघडले तेव्हा लाखो तरुणांची नावे, बँक खाती आणि सवयी त्यांच्याकडे तयारच होत्या. फँटसी हा सट्टा नव्हे, ते कौशल्य आहे, असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्यांनी एका रात्रीत सट्ट्याचे दुकान मांडले आणि गिऱ्हाईक शोधायला त्यांना कुठे जावे लागले नाही.

दुकानात नेमके काय विकले जाते ते जवळून पाहण्यासारखे आहे. साधी पैज म्हणजे दोन तुल्यबळ संघांपैकी एकावर पैसे. ११० डॉलर लावायचे, जिंकलात तर वर १०० मिळणार. नाणेफेकीइतकी समसमान शक्यता धरली तर या व्यवहारात दर शंभर डॉलरमागे कंपनीला सरासरी साडेचार डॉलर सुटतात. बुकीचा हा जुना, पिढीजात भाव. तेवढ्यावर शेअर बाजार खूश होत नाही. म्हणून ‘पार्ले’ पुढे केले गेले. पार्ले म्हणजे पैजांची माळ. त्यातल्या सगळ्या जिंकल्या तरच घसघशीत पैसे, एकही मणी तुटला तर सगळे गेले. अशा तीन समसमान पैजा एकत्र ओवल्या तर खऱ्या शक्यतेप्रमाणे शंभराचे आठशे मिळायला हवेत. कंपनीच्या भावाने मिळतात सुमारे ६९६. म्हणजे कंपनीचा वाटा साडेचारावरून तेरा टक्क्यांवर गेला. चार पैजा ओवल्या तर तो सतरा टक्क्यांवर जातो. माळ जितकी लांब, तितके बक्षीस डोळे दिपवणारे आणि तितकीच कात्री धारदार. अॅप उघडताच सर्वांत वर, सर्वांत मोठ्या अक्षरांत, या माळाच दिसतात.

आता रात्री दहाच्या सुमाराचा बास्केटबॉलचा सामना घ्या. तिसरा डाव चालू आहे. फोन थरथरतो. तुमच्या आवडत्या खेळाडूचे अठरा गुण झाले आहेत, पंचवीस होतील का, भाव वाढवून देतो आहोत. अंगठा ठेवला की बँकेतून पैसे आले. लावलेली पैज मध्येच मोडून थोडे पैसे परत घ्यायची सोय आहे. बहुतेक वेळा तो सौदा कंपनीच्या फायद्याचा असतो, पण खेळणाऱ्याला वाटते आपण शहाणपणा केला. हरलात तर सकाळी फुकटच्या पैजेचे आमिष हजर. फारच हरत असाल तर तुमच्या दिमतीला एक हसतमुख प्रतिनिधी नेमला जातो, जो वाढदिवसाला आठवणीने मेसेज करतो आणि सामन्याची तिकिटे पाठवतो. याउलट कोणी सातत्याने जिंकू लागला तर? त्याची पैजेची मर्यादा काही डॉलरवर आणून ठेवतात. कौशल्याच्या खेळात कुशल माणसाला बाहेर काढतात आणि अकुशलाला पान-सुपारी देतात, एवढ्यावरून दुकान कशाचे आहे ते ओळखावे. या धंद्याची मोठी मिळकत थोड्या, पण फार हरणाऱ्या गिऱ्हाइकांकडून येते, हे ब्रिटनपासून अमेरिकेपर्यंत अनेक अभ्यासांत दिसले आहे. थांबू न शकणारा माणूस हा या व्यवस्थेतला अपघात नाही. तोच तिचा आधारस्तंभ आहे.

किंमत कोण मोजते हेही आता झाकलेले राहिलेले नाही. काही राज्यांत सट्टा आला, काहींत आला नाही, आणि जिथे आला तिथे वेगवेगळ्या वर्षी आला, त्यामुळे अर्थशास्त्रज्ञांना तुलना करायला आयतीच संधी मिळाली. ब्रेट हॉलेनबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली मांडलेल्या अभ्यासानुसार, फोनवरचा सट्टा आलेल्या राज्यांत लोकांची कर्जफेडीची पत खालावली, थकलेली कर्जे वाढली आणि दिवाळखोरीचे अर्जही वाढले. स्कॉट बेकर आणि सहकाऱ्यांनी घरोघरचे व्यवहार तपासले तेव्हा त्याहून बोचरी गोष्ट पुढे आली. सट्ट्यात गेलेला पैसा सिनेमा किंवा हॉटेलच्या खर्चातून वळलेला नव्हता. तो बचतीतून आणि गुंतवणुकीतून गेला होता आणि आधीच ओढाताण असलेल्या घरांना त्याचा फटका अधिक बसला होता. क्रेडिट कार्डावरची थकबाकीही अशाच घरांत फुगली. आपल्या शहराचा संघ अनपेक्षितपणे हरला की त्या भागात घरातल्या बायकांवरचा हिंसाचार वाढतो, हे अमेरिकेत पूर्वीच दिसले होते. सट्टा कायदेशीर झालेल्या राज्यांत हा परिणाम आणखी तीव्र झाल्याचे नव्या संशोधनात आढळले. निकालानंतरच्या काळात जुगाराच्या व्यसनातून सुटण्यासाठी इंटरनेटवर मदत शोधणाऱ्यांचे प्रमाण देशभरात २३ टक्क्यांनी वाढले, असे २०२५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

ज्यांच्यासाठी हे सारे मांडले त्या तरुणांनाच त्याची भीती वाटू लागली आहे. प्यू या संस्थेच्या पाहणीत, कायदेशीर सट्टा समाजाला घातक आहे असे म्हणणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २०२२ साली ३४ टक्के होते. २०२५ साली ते ४३ टक्क्यांवर गेले. तिशीच्या आतल्या पुरुषांत ही उडी २२वरून ४७ टक्क्यांवर आहे. तीन वर्षांत मत दुपटीहून अधिक फिरते ते वर्तमानपत्रातले लेख वाचून नव्हे. खोलीतला मित्र, शेजारच्या टेबलावरचा सहकारी किंवा स्वतःचेच बँक खाते पाहिल्याशिवाय असे होत नाही. न्यू जर्सीत आपली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तिथे वाढणाऱ्या मुलांच्या फोनवरही हीच अॅप आहेत.

खेळांचे काय झाले? अमेरिकी खेळांना सट्ट्याची दहशत जुनी आहे. १९१९च्या बेसबॉल अंतिम मालिकेतील लाचखोरीने तो खेळ हादरला होता, आणि पीट रोजसारख्या विक्रमवीराला सट्टा लावला म्हणून १९८९ साली कायमचे हाकलले होते. न्यू जर्सीविरुद्ध कोर्टात उभ्या राहिलेल्या पक्षांत सर्व मोठ्या क्रीडा संघटना होत्या. खेळाची विश्वासार्हता धोक्यात येईल, असा त्यांचा टाहो होता. निकाल लागला आणि सूर बदलला. २०२१ साली व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या संघटनेने सट्ट्याच्या तीन कंपन्यांना अधिकृत भागीदार केले. पुढे त्या खेळाची अंतिम लढतही २०२४ साली लास वेगासलाच भरली.

मग व्हायचे ते झाले. टोरंटोचा बास्केटबॉलपटू जॉन्टे पोर्टर २० मार्च २०२४ रोजी जेमतेम तीन मिनिटे खेळून आजारी असल्याचे सांगत बाहेर गेला. तो कमी गुण करेल यावर एकाने ८० हजार डॉलरची माळ लावली होती. जिंकली असती तर ११ लाख डॉलर मिळाले असते. पोर्टरवर आजन्म बंदी आली. गेल्या नोव्हेंबरात क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघातील दोन पिचरवर, ठरवून विशिष्ट चेंडू टाकल्याचा आरोप ठेवला गेला. दोघांनीही तो नाकारला आहे. पण एकेका चेंडूवर पैसे लावता येत असतील तर सामना विकण्याची गरजच उरत नाही, एक चेंडू विकला तरी पुरतो, हे बेसबॉलच्या धुरिणांना तेव्हा उमगले आणि त्यांनी अशा पैजेवर दोनशे डॉलरची मर्यादा घातली. प्रेक्षकही बदलला. पॅरिस ऑलिंपिकमधील सुवर्णविजेती धावपटू गॅबी थॉमस हिला गेल्या वर्षी फिलाडेल्फियात एकाने मैदानाभोवती फिरत हिणवले आणि आपल्यामुळे ती हरली, आपली पैज जिंकली, अशी फुशारकी समाजमाध्यमावर मारली. कंपनीने त्याचे खाते बंद केले. पण खेळाडूकडे पैजेचा घोडा म्हणून पाहण्याची नजर खाते बंद करून जात नाही.

सट्टा कायदेशीर करावा म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही, हे मान्य केले पाहिजे. बंदी असतानाही लोक खेळत होतेच. तो पैसा गुंडांकडे जात होता आणि वसुलीला हातपाय मोडले जात होते. पोर्टरचे प्रकरण उघड झाले ते परवानाधारक कंपन्यांच्या नोंदी होत्या म्हणून. काळ्या बाजारात त्याची कुणाला खबरही लागली नसती. प्रौढ माणसाने स्वतःचा पैसा कसा उधळावा यात सरकारने का पडावे, हा प्रश्नही रास्त आहे. मात्र अमेरिकेने जे केले ते लपूनछपून खेळणाऱ्याला उजेडात आणण्याएवढेच नव्हते. जे कधीच खेळले नसते अशा कोट्यवधी लोकांना खेळायला बोलावले गेले, तेही सामन्याच्या प्रत्येक विश्रांतीत, लाडक्या माजी खेळाडूंच्या तोंडून. सहन करणे आणि प्रोत्साहन देणे यांत फरक असतो. तो पुसला गेला, कारण सरकार स्वतःच गल्ल्यावर येऊन बसले.

न्यूयॉर्क राज्य कंपन्यांच्या मिळकतीवर ५१ टक्के कर घेते. जानेवारी २०२२मध्ये तिथे फोनवरचा सट्टा सुरू झाला आणि आता वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलर तिजोरीत येतात. म्हणजे न्यूयॉर्ककर हरतो तेव्हा निम्म्याहून अधिक वाटा त्याच्याच सरकारचा. न्यू जर्सीने गेल्या वर्षी आपला कर १३वरून १९.७५ टक्क्यांवर नेला. इलिनॉयने तर प्रत्येक पैजेमागे काही सेंट वसूल करायला सुरुवात केली. दरवाढीचा उद्देश सट्टा कमी व्हावा हा नाही, अर्थसंकल्पातील भोक बुजवावे हा आहे. एकदा शाळांचा किंवा रस्त्यांचा खर्च या पैशावर टेकवला की लोकांनी खेळणे कमी करावे असे कोणत्या अर्थमंत्र्याला मनापासून वाटेल? ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन यांनी २०२१ साली सट्ट्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली होती आणि आता ते त्याबद्दल उघडपणे पस्तावा व्यक्त करतात. पण पस्तावलेल्या गव्हर्नरलाही कायदा मागे घेता आलेला नाही. काँग्रेसमध्ये पॉल टोंको आणि रिचर्ड ब्लूमेंथाल यांनी जाहिरातींवर बंधने, क्रेडिट कार्डाने पैसे भरण्यास मनाई आणि दिवसात किती वेळा पैसे भरावेत यावर मर्यादा सुचवणारे विधेयक २०२४ साली मांडले. त्याचे घोडे अजून अडलेले आहे. दरम्यान ‘भाकीत बाजार’ नावाचे नवे पिल्लू बाहेर पडले. हा सट्टा नसून वायद्याचा करार आहे, असे म्हणत कॅल्शीसारख्या कंपन्या ज्या राज्यांत सट्ट्याला परवानगी नाही तिथेही सामन्यांवर पैसे लावून घेऊ लागल्या आहेत.

आता आपल्याकडे वळू. मुंबईचा आणि न्यूयॉर्कचा जुगाराच्या बाबतीतला ऋणानुबंध जुना आहे. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे कापसाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत येत आणि त्यांच्या उघडत्या-मिटत्या आकड्यांवर पैसे लागत. १९६१ साली ते भाव यायचे थांबले तेव्हा आकडा मडक्यातून निघू लागला. हा मटका चालवणाऱ्या कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांची नावे गिरणगावात घरोघर पोचली, आणि पगाराच्या दिवशी ओपन-क्लोजच्या नादात किती संसारांचे वाटोळे झाले त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्या मटक्याला एक मर्यादा होती. टपरीपर्यंत चालत जावे लागे, चिठ्ठी घ्यावी लागे, कुणीतरी ओळखीचे पाहील अशी धास्ती असे. फोनने ती लाजही उरू दिली नाही.

‘थांबवता येत नाही तर कायदेशीर करा’ हा विचार आपल्याकडेही राजमान्य झाला होता. २०१३च्या आयपीएलमधील स्पॉट-फिक्सिंगनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने २०१६ साली क्रिकेटवरील सट्टा नियमांच्या चौकटीत आणावा असे सुचवले. जुलै २०१८मध्ये, म्हणजे अमेरिकी निकालाला दोन महिने होत असताना, विधि आयोगाने आपल्या २७६व्या अहवालात बंदी अमलात येत नसेल तर नियमन करावे, पॅन-आधार जोडावे आणि रोखीचे व्यवहार टाळावेत अशी मांडणी केली. सरकारने तसा कायदा केला नाही. पण न्यायालयांच्या ‘कौशल्य की नशीब’ या कसोटीने मागचे दार उघडेच होते. रमीला १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ म्हटले होते. त्याच धाग्यावर फँटसी क्रिकेटही उच्च न्यायालयांत तरले. मुंबईची ड्रीम११ कंपनी २०२० साली आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली आणि २०२३ साली भारतीय संघाच्या छातीवर झळकली. ऑक्टोबर २०२३पासून केंद्राने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला, म्हणजे आपलेही सरकार गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसलेच होते.

मग गेल्या वर्षी २० आणि २१ ऑगस्टला दोन दिवसांत संसदेने ऑनलाइन मनी गेमिंगवर सरसकट बंदीचा कायदा संमत केला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे घेऊन खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख, पैशांची देवघेव करून देणाऱ्या बँका-वॉलेटनाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावत असल्याचा सरकारचा अंदाज होता. चर्चा न करता घाईने केलेला कायदा म्हणून त्यावर टीका झाली, ती योग्यच होती. राज्यांच्या अधिकारावर अतिक्रमण होते का, हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आहे. तरीही या कायद्याने दोन गोष्टी नेमक्या हेरल्या. कौशल्य की नशीब हा पोकळ वाद त्याने बाजूला सारला आणि हरणाऱ्याला गुन्हेगार न ठरवता हरवणाऱ्याला धरले.

पण बंदी जाहीर होणे आणि बंदी होणे यांत आपल्याकडे मोठे अंतर असते. देशी कंपन्यांनी दुकाने मिटली तेव्हा परदेशात नोंदलेल्या अॅपना रान मोकळे झाले. एक संकेतस्थळ बंद केले की तेच नाव एखादा आकडा बदलून दुसऱ्या दिवशी उघडते. पैसे भाड्याच्या बँक खात्यांतून फिरतात, जाहिरात बातम्यांच्या किंवा बुटांच्या नावाने येते. लोकप्रतिनिधींना या रोगाची जाण किती, तेही आपण पाहिले. गेल्या जुलैत तेव्हाचे कृषिमंत्री विधिमंडळाच्या सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत राज्यभर फिरली. समोर आलेली जाहिरात आपण बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. त्यांचे कृषी खाते गेले आणि मिळाले ते क्रीडा खाते.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. मांडवीतले कॅसिनो हलवण्याचे आश्वासन प्रत्येक सरकार देते आणि जहाजे जागची हलत नाहीत, कारण महसूल हवा असतो. त्याच गोवा सरकारने फेब्रुवारी २०२०पासून गोमंतकीयांना मात्र कॅसिनोत जुगार खेळायला मज्जाव केला. पाहुण्याने हरावे, घरच्याने हरू नये. जुगाराने घर मोडते हे सरकारला ठाऊक असल्याचा याहून स्वच्छ कबुलीजबाब शोधून सापडणार नाही. १९६९पासून स्वतःची लॉटरी चालवणाऱ्या महाराष्ट्रानेही याबाबत सोवळ्याचा आव आणू नये.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, पैशाची नळी आवळावी. भाड्याची खाती आणि यूपीआयचे बेनामी पत्ते शोधणे हे काम बँकांचे आणि पोलिसांचे आहे, एकट्या दूरसंचार खात्याचे नाही. दुसरी, झटपट कर्ज देणाऱ्या अॅपचा आणि सट्ट्याचा संबंध तोडावा. हरलेला माणूस रात्री दोन वाजता कर्ज काढतो तेव्हा त्याला थांबवणारी एखादी पायरी असली पाहिजे. तिसरी, क्रिकेट मंडळाने आणि माजी खेळाडूंनी नाव बदलून येणाऱ्या जाहिराती घरात घेऊ नयेत. भारतीय संघ गेल्या सप्टेंबरात आशिया चषकात छातीवर कोणाचेही नाव न मिरवता उतरला आणि जिंकलाही. चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट उपचारांची. अमली पदार्थ आणि दारूच्या व्यसनासाठी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले, तेव्हा व्यसन हा आजार आहे हे समाजाच्या गळी उतरवायला वर्षे लागली. जुगाराचे व्यसन त्याहून लपवता येते, तोंडाला वास येत नाही आणि पाऊलही अडखळत नाही. बायकोला कळते ते दागिना मोडल्यावर. जिल्हा रुग्णालयांत यासाठी समुपदेशक नेमले गेले नाहीत तर बंदी फक्त राजपत्रात राहील.

येत्या काही वर्षांत कधीतरी, वित्तीय तूट वाढलेल्या एखाद्या वर्षी, कोणीतरी अमेरिकेचे आकडे पुढे करील आणि हा पैसा आपण का सोडायचा असे विचारील. त्या वेळी न्यूयॉर्कच्या तिजोरीतल्या अब्ज डॉलरबरोबर तो पैसा ज्या घरांतून आला त्यांची थकलेली कर्जेही मोजायला हवीत. दारू-तंबाखूवरील करात निदान खप घटावा असे म्हणण्याची सोय सरकारला असते, सट्ट्याच्या भागीदारीत तीही उरत नाही. ज्या उत्पन्नासाठी आपल्याच नागरिकाने हरत राहणे आवश्यक असते, ते उत्पन्न कोणत्याही सरकारने नाकारले पाहिजे. भारताने ते तूर्त नाकारले आहे. तो नकार मोहाच्या पहिल्या वर्षीच मोडू नये.